जहाजावरची राख

प्रेमानंद गजभियेला खरं तर गच्चीचा पाझर थांबवायचा होता. नागपुरात नारी रोडवरच्या त्याच्या घराचा स्लॅब आईच्या खोलीत गळत होता आणि काम सुटल्यापासून हाताशी वेळच वेळ होता, म्हणून एका दुपारी त्याने मोबाइलवर गच्चीला कोणता रंग चालतो ते शोधायला घेतलं. मोबाइलने दोन-तीन रंग दाखवले, आणि मग त्याच्या काय मनात आलं कोण जाणे, कुठल्याशा देशातला एक टकला माणूस दाखवला. टकल्यासमोर टेबलावर पाइपाचे तुकडे, बाटल्यांची झाकणं, मोडक्या खेळण्यांची चाकं असा सगळा कचरा पडला होता आणि त्यातून तो अवकाशयान बनवत होता. उडणारं नव्हे. हातभर लांबीचं, कोणत्याही देशाने कधी न बांधलेलं, निव्वळ त्याच्या डोक्यातलं. प्रेमानंदने तो व्हिडिओ तीनदा पाहिला. हा माणूस हे काहून करून राहिला, एवढा एकच प्रश्न त्याला तिन्ही वेळा पडला आणि तिन्ही वेळा उत्तर मिळालं नाही.

गच्ची त्या वर्षी गळतच राहिली.

तर हा प्रेमानंद कोण, ते आधी सांगायला हवं. तेहतीस वर्षं तो कोराडीच्या वीज केंद्रात एका ठेकेदाराकडे पेंटर होता. पेंटर म्हटलं की लोकांना लगेच डोंगरामागचा सूर्य आठवतो, निदान दुकानाची पाटी तरी. प्रेमानंदने जन्मात एक फूल काढलं नव्हतं. तो पाइप रंगवायचा. टाक्या, कठडे, जिने, खांब रंगवायचा. आधी तारेच्या ब्रशने जंग खरवडायचा, मग पॉलिश पेपरने घासायचं, मग रेड ऑक्साइडचा एक हात, आणि तो वाळला की वरून करड्या रंगाचे दोन हात. एका टोकाचं काम संपवून खाली उतरावं तोवर दुसऱ्या टोकावर कोळशाची राख बसलेली असायची. राख आणि जंग या दोघांशी त्याचं तेहतीस वर्षं भांडण चाललं आणि दर वर्षी ते पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं.

हातात कसब होतं, हे त्याला माहीत होतं. त्याच्या रंगात ब्रशचा माग दिसायचा नाही, ओघळ तर नाहीच नाही. पण पाइप कोणी रंगवला, हे जगात कोणी विचारत नाही. शेवटच्या दिवशी ठेकेदाराने शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि दोन शब्द बोलताना त्याला 'आमचे जुने फिटर' म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रेमानंदनेही वाजवल्या. घरी आल्यावर मात्र तो बायकोला, नंदिनीला, एवढंच म्हणाला, "तेहतीस वर्ष झाले वं. त्याले आपलं काम मालूम नव्हतं." पुन्हा हा विषय त्याने काढला नाही, पण तो त्याला लागला होता, आणि चांगलाच लागला होता.

व्हिडिओ पाहिल्यावर महिनाभराने त्याने पहिला पाइप कापला. चार इंची, पीव्हीसीचा, शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेला. आपण हे का करतो आहोत हे त्यालाही ठाऊक नव्हतं. टकल्याला निदान ठाऊक असावं, अशी त्याची समजूत होती. पाइपाचं धड झालं. जाहिरातीच्या फलकांना वापरतात त्या फोमशीटच्या पट्ट्या कापून धडावर पत्रे चढवले. डिओच्या बाटल्यांची झाकणं उलटी बसवली की इंजिनांची तोंडं तयार. बिघडलेल्या रिमोटच्या आतली हिरवी पट्टी, बॉलपेनच्या स्प्रिंगा, इंजेक्शनची नळी, टूथपेस्टची टोपणं. त्या दोन वर्षांत घरातली एकही मोडकी वस्तू कचऱ्याच्या गाडीपर्यंत पोहोचली नाही. सगळ्यात कामाची निघाली ती रुखमाबाईंच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, बीपीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. ओळीने गोल गोल फुगवटे. चिकटवले की थेट टाक्यांची रांग. एकदा रांग पुरी व्हायला चार फुगवटे कमी पडले, तेव्हा प्रेमानंदने चार गोळ्या बाहेर काढून वाटीत ठेवल्या. रुखमाबाई वाटीकडे पाहतच राहिल्या.

"काय गा प्रेमा, मले मारतं का?"

"नाई माय. पाकीट पाहिजे होतं फक्त."

"पाकिटाचं काय करतं?"

"जहाज."

शहाऐंशी वर्षांच्या रुखमाबाईंनी वाटीतली एक गोळी उचलली, पाण्याबरोबर घेतली आणि उरलेल्या तीन पदराच्या टोकाला बांधून ठेवल्या.

नंदिनी अंगणवाडीत काम करायची. दिवसभर चाळीस पोरांचे प्रश्न ऐकून तिला स्वतःलाही विचारायची सवय लागली होती. एकदा चहाचा कप टेबलावर ठेवायला जागा मिळेना, तेव्हा ती म्हणाली, "कोनाचं हाय हे जहाज?"

"कोनाचंच नाई."

"कोठी जाते?"

"कुठीच नाई जात."

"मंग याले पुढचं तोंड कायले पाहिजे?"

प्रेमानंदने जहाजाच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावर त्याने अकरा दिवस घालवले होते. तो म्हणाला, "चहा खिडकीत ठेव."

बांधून झालं तेव्हा जहाज साडेतीन फूट भरलं. मग रंग. इथे मात्र प्रेमानंद गोंधळला नाही, कारण हे त्याचं रोजचं काम होतं. पॉलिश पेपरने तो आठ दिवस घासत बसला. प्राइमरचा हात दिला, पुन्हा घासलं, आणि मग करड्या रंगाचे दोन हात असे मारले की हात फिरवला तर बोटाला कुठे काही लागू नये. जहाजाच्या पोटाखालून जाणाऱ्या बारीक नळ्या त्याने वीज केंद्रात असतात तशाच रंगवल्या: पाण्याच्या हिरव्या, हवेच्या निळ्या, आग विझवायच्या लाल. अवकाशात कोणाला त्या रंगांवरून काय कळणार, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. दुसरं काही त्याच्या हातून झालंच नसतं.

पुष्कर त्याला भेटला तो गावातल्या महाल भागात. तिथे गल्लीत एक दुकान आहे, फ्लेक्स आणि फोमशीटवाल्याचं. दुकानदार उरलेले तुकडे एका पोत्यात टाकून ठेवतो. त्या पोत्यात एकाच वेळी दोघांचे हात गेले आणि एकच तुकडा दोघांनी दोन टोकांनी धरला. पुष्कर पस्तिशीचा, मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा. विमानं, रणगाडे यांची मॉडेल्स करणारी पंधरा-वीस मंडळी नागपुरात आहेत, ती रविवारी जमतात, हे प्रेमानंदला त्याच्याकडून कळलं. तोवर आपण आणि तो टकला असे दोघेच जगात आहोत, असं त्याला वाटत होतं. त्याला हायसंही वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

पुढच्याच आठवड्यात पुष्कर घरी आला. जहाजाभोवती त्याने तीन चकरा मारल्या, गुडघ्यांवर बसून पोटाखालून पाहिलं. मग म्हणाला, "काका, हे विकतचं काहीच नाही यात? एकही किट नाही?"

"गोळ्याचे पाकिटं हायेत. ते विकतचे."

पुष्कर हसला नाही. त्याने सांगितलं की महिनाअखेरीला त्यांच्या मंडळींचं प्रदर्शन आहे, शंकरनगरच्या एका हॉलात. पुण्याहून परीक्षक येणार. शून्यातून बांधलेल्या मॉडेलांतलं एक निवडून हैदराबादच्या मोठ्या प्रदर्शनाला पाठवणार, आणि तिथे पुस्तिका निघते, तिच्यात फोटोखाली करणाऱ्याचं नाव छापतात. नाव, गाव आणि काम.

"काम म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही काय करता ते. पेंटर."

प्रेमानंद उठून उगाच पाणी प्यायला गेला. फोटोखाली, छापील, 'पेंटर'. साठ वर्षांच्या माणसाला एवढ्याशा गोष्टीने असं व्हावं याची त्याला लाज वाटली, पण झालं खरं. बाहेर येईपर्यंत त्याने ठरवून टाकलं होतं की हैदराबादला जायचं, काही झालं तरी जायचं.

"फक्त एक आहे काका," पुष्कर म्हणाला. "हे नवंकोरं वाटून राहिलं."

"नवंच हाय ना. मंगळवारी दुसरा हात मारला."

"तसं नाही. बांधणी एक नंबर आहे. पण रंगामुळे खेळणं वाटते. शंभर वर्षं फिरून आलेलं वाटलं पाहिजे. याला घाण करा."

प्रेमानंदला वाटलं, आपल्याला कमी ऐकू यायला लागलं. "काय करू?"

"घाण. जंग दाखवा, काजळी दाखवा, ओघळ येऊ द्या. थोडी धूळ, राख. सगळे करतात काका, त्याच्याशिवाय परीक्षक पाहतसुद्धा नाहीत."

"अवकाशात राख कुठून येते?"

पुष्करने डोकं खाजवलं. "येत नाही तशी."

"हवा नाई, पानी नाई. मंग जंग कसा चढंन?"

"नाही चढणार."

"म्हंजे जे नसते तेच दाखवायचं?"

"हो. तेव्हाच खरं वाटते."

हे प्रेमानंदच्या डोक्यात काही केल्या शिरेना. खरी घाण असली तर ती पुसायची, यासाठी त्याला तेहतीस वर्षं मजुरी मिळाली होती. आता घाण नाही, तर ती करायची, म्हणजे बक्षीस. पुष्कर गेल्यावर त्याने नंदिनीला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पोराचं डोकं ठीक हाय ना?"

चार दिवस जहाज तसंच चकाकत उभं राहिलं. प्रेमानंद ब्रश हातात घ्यायचा आणि खाली ठेवायचा. अडचण नुसती डोक्याची नव्हती. त्यांच्या घरात घाण या शब्दाला वजन होतं, आणि ते वजन रुखमाबाईंनी आणलेलं होतं.

छप्पन सालच्या नागपूरच्या धम्मदीक्षेला रुखमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. काटोलकडच्या खेड्यातून आईबापाबरोबर चालत आल्या होत्या. सगळे पांढऱ्या कपड्यांत. त्यांच्या आईकडे पांढरं लुगडं नव्हतं, तिने ते मागून आणलं होतं आणि दुसऱ्याचं असूनही दोनदा सोडा लावून धुतलं होतं. त्या दिवसानंतर रुखमाबाईंनी आयुष्यात एक गोष्ट कटाक्षाने पाळली: आपल्याला कोणी घाण म्हणू नये. पुढे कोराडीला नवरा, नत्थू, कोळसा उतरवायच्या कामाला लागला. तो माणूस सुटी झाली की नळाखाली बसून साबणाची वडी झिजवायचा, पिशवीतला पांढरा शर्ट काढून घालायचा आणि मगच बसमध्ये चढायचा. शेजारी बसलेल्याने अंग चोरून सरकू नये म्हणून. त्या शर्टाला इस्त्री रुखमाबाई करायच्या. नत्थू जाऊन वीस वर्षं झाली, तरी त्यांचा हात अजून चालूच असायचा. खिडकीचे गज, पाण्याचा माठ, टीव्हीची काच, समोर येईल ते त्या ओल्या फडक्याने पुसत फिरायच्या.

अशा घरात प्रेमानंदने पाचव्या दिवशी दार आतून लावून घेतलं.

आदल्या दुपारी तो स्कूटर काढून कोराडीला गेला होता. रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवरची राख त्याने रुमालात झटकून घेतली, अर्धी ओंजळ. दुकानात रंगाची पूड मिळते, पण त्याला ती पटली नाही. राखेचा तो फिकट, किंचित निळसर करडा रंग त्याला डोळे मिटूनही दिसत होता. जुन्या लोखंडी पट्टीवरचा जंग खरवडून त्याने वेगळ्या कागदावर घेतला. बसला टेबलापाशी, जंग नुसत्या पाण्यात कालवला आणि पहिला ओघळ ओढला.

मग त्याचं त्यालाच कळेना. हात थांबेनाच. जंग कुठून सुरू होतो हे त्याला माहीत होतं: पत्र्याच्या मधोमध कधीच नाही, बोल्टच्या खालच्या अंगाला. ओघळ कसा जातो ते माहीत होतं, सरळ नाही, आधी जाड मग बारीक, आणि सांध्यापाशी थबकून वळतो. आडव्या पाइपावर राख वरच्या अंगाला बसते, पोटाला बसत नाही. वाफ गळते तिथे कडेला पांढरा पट्टा उमटतो. जिथे माणूस धरून चढतो तिथे रंग झिजतो पण काळा होत नाही, तुकतुकीत होतो. हे सगळं त्याला कोणी शिकवलं नव्हतं. ज्याला खरवडायचं त्याच्याकडे आधी पाहावं लागतं, आणि तेहतीस वर्षं तो पाहत आला होता. दोन दिवसांत जहाज म्हातारं झालं. प्रेमानंदला भयंकर आनंद झाला आणि त्याच वेळी काहीतरी चोरून खाल्ल्यासारखंही वाटलं. यातलं खरं कोणतं, हे ठरवता येईना.

शेवटी वरून वॉर्निशचा हात द्यायचा असतो, म्हणजे राख सुटत नाही. त्याने एका तुकड्यावर देऊन पाहिला तर वॉर्निशने राख भिजून दिसेनाशीच झाली. म्हणून त्याने जहाज तसंच सोडलं, कोरडं. हात लावू नका, अशी चिठ्ठी लिहिली आणि आईच्या नजरेला पडू नये म्हणून वर खोकं पालथं घातलं. नंदिनीला त्याने बजावलं, "मायले हॉलमधी आनू नको. जिने हायेत तिथं." जिने नव्हते. हॉल तळमजल्यावर होता.

प्रदर्शन रविवारी होतं. पांढरी चादर घातलेल्या लांब टेबलांवर विमानं, तोफा, बोटी मांडल्या होत्या आणि कोपऱ्यात एका टेबलावर एकटं प्रेमानंदचं जहाज, फिरत्या लाकडी पाटावर. समोर छापील कार्ड: 'प्रेमानंद नत्थू गजभिये, नागपूर. पेंटर.' जहाजाच्या नावापुढे 'अजून ठरलं नाही' असं होतं, कारण पुष्करने फोनवर नाव विचारलं तेव्हा प्रेमानंद तसंच म्हणाला होता.

अकरा वाजल्यापासून त्या कोपऱ्यात गर्दी हटेना. लोक वाकून वाकून पाहत, फोटो काढत. एक बाई म्हणाली, "बापरे, हे तर खरंच कुठून तरी आल्यासारखं वाटते." विमानं करणाऱ्या एका डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "जंग कसा केलात हो? कोणता रंग?" प्रेमानंद म्हणाला, "जंगच हाय." डॉक्टरांना ते गुपित राखण्याची रीत वाटली. त्यांनी आदराने मान हलवली.

प्रेमानंदने खुश व्हावं की नाही? तो झालाच. पण मध्येच त्याला रागही यायचा, आणि तो कोणावर काढावा ते कळायचं नाही. एवढे पाइप रंगवले, एवढे मैल न् मैल पाइप, एकाने कधी मोबाइल काढला नाही. आणि दोन दिवसांत केलेल्या घाणीचे आज दोनशे फोटो निघाले. खाली जे दोन हात मारले होते, एका ओघळाशिवाय, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. काढणार तरी कसा, ते त्यानेच झाकलं होतं. साडेतीनला पुष्कर कानाशी येऊन म्हणाला, "काका, चार वाजता परीक्षक येऊन राहिले. तुमचंच जाते हैदराबादला, मी लिहून देतो." प्रेमानंदने खुर्ची ओढली आणि बसला.

बसला आणि समोर पाहिलं, तर हॉलच्या दारात रुखमाबाई.

पांढरं स्वच्छ पातळ, निळा काठ, कडक इस्त्री. एका हाताने नंदिनीचा दंड धरलेला. नंदिनी लांबूनच डोळ्यांनी सांगत होती की माझा इलाज चालला नाही. शेजारच्या कोणी तरी सांगितलं होतं, आजी, तुमच्या प्रेमाचं नाव लागलं तिकडे. मग रुखमाबाई कोणाचं ऐकतात? प्रेमानंदच्या मनात पहिलं आलं ते चादर ओढून जहाजावर टाकावी. पण चादरीवर जहाज उभं होतं.

लोकांनी म्हाताऱ्या बाईला वाट करून दिली. रुखमाबाई आधी कार्डापाशी थांबल्या. नत्थूने त्यांना वाचायला शिकवलं होतं. बोट ठेवून त्यांनी एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. "प्रे-मा-नं-द. न-त्थू. ग-ज-भि-ये." नवऱ्याच्या नावावर बोट जरा जास्त वेळ राहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. मग त्यांनी मान वर करून जहाजाकडे पाहिलं.

हसू हळूहळू गेलं.

"हे कोनं केलं गा?"

"वापरून वापरून झालं, माय," प्रेमानंद म्हणाला. साठ वर्षांच्या माणसाने इतकं बावळट खोटं बोलावं!

"घरी तर चकाचक होतं."

"ते... असंच ठेवतात इथं."

रुखमाबाईंनी आजूबाजूच्या लोकांकडे पाहिलं. एवढी नीटनेटकी, शिकलेली माणसं. मग त्या आवाज खाली आणून, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "एवढ्या लोकाईत असं ठेवलं? समोर तुह्या बापाचं नाव लिवून?"

प्रेमानंद उत्तर शोधू लागला. ही कला आहे, असं म्हणता आलं असतं. डॉक्टर म्हणाले असते, पुष्कर म्हणाला असता. पण आपल्या नावापुढे घाण असणं चांगलं असतं, हे आईला समजावून सांगायला लागणारं वाक्य त्यांच्या घरात कधी बोललंच गेलं नव्हतं, ते आता कुठून आणायचं?

तो शोधत होता तेवढ्यात रुखमाबाईंनी नंदिनीच्या हातातली पाण्याची बाटली घेतली, पदराचं टोक भिजवलं आणि जहाजाच्या पाठीवरून फिरवलं.

कोणी तरी "अरे!" ओरडलं. पुष्कर गर्दीतून धावत आला. "आजी! आजी, थांबा! काका, पकडा त्यांना!" रुखमाबाईंना कमी ऐकू यायचं, आणि काम करताना तर यायचंच नाही. त्या आपल्या पुसत राहिल्या, कडेकडेने, सांध्यांत बोट घालून, माठ पुसावा तशा. पांढऱ्या पदरावर कोराडीची राख चढत गेली.

प्रेमानंद उठला. आईचा हात धरायलाच तो उठला होता, यात काही शंका नाही. पण पदर गेला होता तिथे, त्या वीतभर पट्ट्यात, त्याने स्वतःचा रंग पाहिला. खालचे ते करडे दोन हात. ब्रशचा माग नाही, ओघळ नाही, वरच्या दिव्याची ट्यूब त्यात सरळ रेघेसारखी दिसत होती. त्याने हात पुढे केला तो पुष्करच्या छातीवर ठेवला.

"राहू द्या," तो म्हणाला.

"काका, परीक्षक आले! ते पाहा, दारातच आहेत. अजून अर्धी बाजू चांगली आहे, ती पुढे करतो मी, तुम्ही फक्त आजींना..."

खरंच दारात चष्मा लावलेला एक उंच माणूस चपला कुठे काढायच्या ते विचारत होता. लोक बाजूला होत होते. टेबलापर्यंत यायला त्याला फार तर मिनिटभर लागलं असतं. पुष्कर म्हणत होता ते बरोबर होतं. पलीकडची बाजू कोरडी होती, तिच्यावरचा प्रत्येक ओघळ जागच्या जागी होता, आणि ती पुढे केली असती तर अजूनही हैदराबाद होतं, पुस्तिका होती, छापलेलं नाव होतं. प्रेमानंदला हे सगळं स्वच्छ कळत होतं. आपण काय करतो आहोत, तेवढं फक्त कळत नव्हतं.

त्याने पाटाला हात लावला आणि जहाज फिरवलं. ती चांगली बाजू आईपुढे आली.

"माय, इकडून राहिलं," तो म्हणाला.

रुखमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पदराचं नवं कोरं टोक शोधून त्यांनी पुढे धरलं.

"पानी टाक."

प्रेमानंदने बाटली तिरपी केली आणि त्यावर पाणी ओतलं.